दंडावरची पट्टी

बन्सीच्या मानेवर जे उठलं होतं त्याला पाम गावाने नाव देऊन टाकलं होतं. तोंडाने ते कुणी घेत नव्हतं, तेवढी माणुसकी गावात होती. पण सोमवारी सकाळी त्याची बायको नर्मदा कळशी घेऊन विहिरीवर गेली, तर घरमालकीण कमळी आधीच काठावर उभी, आणि पोहऱ्याचा दोर तिने स्वतःच्या हाताला गुंडाळून घेतलेला.

"कळशी खाली ठेव. मी ओततंय पानी," कमळी म्हणाली. "आजपासून तू दोराला हात लावू नको."

"काहून? काय झालं?"

"काय नाय झाला. आमच्या घरात पोरं हायत बाय. तुला येगला काय सांगायचा?"

कमळीने पाणी ओतलं तेही हातभर उंचीवरून. निम्मं कळशीत गेलं, निम्मं नर्मदेच्या पायावर. एरवी कुणी असं केलं असतं तर नर्मदेने विहिरीवरच सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तोंडाने ती काही कच्ची नव्हती. त्या दिवशी मात्र तिने भरली तेवढी कळशी उचलली, कारण कमळीला जी भीती होती तीच गेले दोन महिने तिच्याही पोटात होती. आणि त्याच पोटात पाच महिन्यांचं मूलही होतं.

बन्सी अजिंठ्याच्या डोंगराकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसा तीन वर्षांपूर्वी इकडे आला आणि ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागला. पाममध्ये भाड्याची खोली, रोज सायकलने साइटवर जाणं. आता ठेकेदाराचं काम सरत आलं होतं आणि प्रकल्पात कायमची माणसं भरली जात होती. बन्सीचं नाव यादीत लागलं होतं. राहिली होती फक्त शनिवारची डॉक्टरी तपासणी. त्यात पास झाला तर कायमची नोकरी आणि घरात नळ असलेलं क्वार्टर. नापास झाला तर गावचा रस्ता. आणि डॉक्टरने अंगावरच्या डागांसाठी परत पाठवलेला माणूस गावात गेला, तर गाव तरी त्याला कुठे बसवून घेणार?

हे दुखणं सुरू झाल्याला वर्ष होत आलं होतं. आधी मानेच्या मागे, दोन बोटांएवढी लाल जागा. मग तिला पाणी सुटलं, खपली धरली, खपली खाजवून निघाली की पुन्हा पाणी. मग कमरेभोवती तसंच. ज्याला विचारावं तो वैद्य. एकाने मासळी बंद करायला सांगितली, ती बंद केली. मग साबण गेला आणि शिकेकाई आली. डोक्याचं तेल बदललं. कातडी पट्टा काढून बन्सी पँटला सुतळी बांधायला लागला. हौसेने घेतलेला टेरिलीनचा शर्ट ट्रंकेत गेला आणि सुती शर्ट आले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! साइटवरच्या एका भय्याने सांगितलं, "ये अणू की हवा है." अणूची भट्टी पेटायला अजून दोन वर्षं होती, पण हवा म्हणे आधीच सुटली होती.

एक गोष्ट नर्मदेला छळत होती. दिवाळीला ती दोघं पंधरा दिवस तिच्या माहेरी गेली, तर मान कशी लख्ख झाली. पामला परत आल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तेच. बन्सी म्हणायचा, समुद्राची हवा. पण ती हवा हजारो माणसं खात होती आणि खाज मात्र एकट्या बन्सीला.

मंगळवारी दुपारी नवसी आली. डोंगरातल्या पाड्यावरची ही वारली बाई आठवड्याला लाकडाची मोळी घेऊन यायची. मोळीबरोबर त्या दिवशी तिच्या टोपलीत बिब्बे होते, काळे, टपोरे. ते बघितले आणि नर्मदेला एकदम माहेर आठवलं. वडिलांना नागीण झाली होती तेव्हा आईने तिच्या चहूबाजूंनी बिब्ब्याचे ठिपके दिले होते. ठिपक्यांचं कुंपण घातलं की दुखणं पुढे सरकत नाही, असं आई म्हणायची, आणि वडिलांची नागीण खरंच पुढे सरकली नव्हती. इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही, म्हणून नर्मदेने कपाळावर हात मारून घेतला आणि शेरभर ज्वारी देऊन चार बिब्बे घेतले.

"जपून गो बाय," नवसी म्हणाली. "कोनाला हा काय करत नाय, न कोनाच्या अंगाला उततो."

"मला काही होत न्हाई. लहानपणापासून हाताळते म्या," नर्मदा म्हणाली. जणू बिब्बा तिलाच लावायचा होता.

संध्याकाळी बन्सी मान खाली घालून बसला आणि तिने तापल्या सुईने बिब्बा टोचून त्याच्या मानेभोवती ठिपके दिले. एकूण सतरा. नीट, अंतर राखून, रांगोळीला देतात तसे. बन्सीनेही विरोध केला नाही. तीन दिवसांत दुखणं आवरलं तर हवंच होतं त्याला.

गुरुवारी सकाळी बन्सी उठला तो एका डोळ्याने. दुसरा सुजून मिटला होता. सतरा ठिपक्यांचे सतरा फोड झाले होते, आणि मधल्या जागेत आणखी बारीक फोडांची गर्दी. कान लाल, मान अशी सुजलेली की शर्टाचं वरचं बटण लागेना. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! त्याने भिंतीवरच्या आरशात बघितलं, मग नर्मदेकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "दोन दिवस राहिलेत." डबा न घेता तो सायकल काढून गेला. नर्मदा उंबऱ्यात बसून रडली. नवऱ्याची नोकरी आपण आपल्या हाताने, तापल्या सुईने, मोजून सतरा जागी मारली, याबद्दल तिला काडीचीही शंका उरली नव्हती.

रडून झाल्यावर माणसाला जरा नीट दिसतं. नर्मदेला सकाळचे ते फोड पुन्हा आठवले. काचेसारखे ताणलेले, आत स्वच्छ पाणी, कडेला भाजल्यासारखी काळसर लाली. आणि ही लाली आपण आज पहिल्यांदा बघत नाही, हेही तिला आठवलं. मानेवरची जुनी जखम नवी होती तेव्हा अगदी अशीच होती. फक्त लहान. तिने सतरा वेळा जे केलं, ते वर्षभर कुणीतरी थोडंथोडं करत होतं.

पण बिब्बा घरात आला मंगळवारी. मग वर्षभर कुठून?

दुपारी लाँड्रीचा पोऱ्या कपड्यांचं गाठोडं टाकून गेला. बन्सीने शनिवारसाठी पांढरा शर्ट मुद्दाम कडक इस्त्रीला दिला होता. साइटवरचे सुपरवायझर कपडे बाहेर धुवायला देतात हे बघून त्यानेही गेल्या वर्षापासून ती पद्धत उचलली होती. कायम होणाऱ्या माणसाने घरी पिळलेला शर्ट घालून जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. नर्मदेची लुगडी मात्र घरीच, दगडावर. ती शर्ट ट्रंकेत ठेवायला गेली आणि कॉलरच्या आतली खूण तिच्या डोळ्यांपुढे आली. काळी आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके. कुठले कपडे कुणाचे हे कळावं म्हणून परीट घालतो ती खूण. तिने पँट उलटी केली. कमरपट्टीला तीच खूण. बनियन काढलं. मानेशी तीच. बन्सीच्या अंगावर जिथे जिथे जखम होती, तिथे तिथे ही रेघ आणि हे तीन ठिपके टेकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मासळी सोडली, साबण सोडला, तेल सोडलं, आणि कपडे मात्र दर आठवड्याला इस्त्री करून अंगावर चढत राहिले.

शुक्रवारी ती चालत बोईसरला गेली. स्टेशनाजवळ एकनाथची लाँड्री होती, पत्र्याची, पुढे इस्त्रीचं टेबल. तिने शर्ट टेबलावर पसरला आणि खूण दाखवली.

"ही कशानं घालता तुम्ही?"

"बिब्ब्यानं," एकनाथ म्हणाला. "टाचणी टोचायची, खूण करायची, वर चुना लावायचा. कपडा फाटंल पन खूण जानार नाय. आमच्या बापापासून हाय हा. काय झाला?"

तिने सांगितलं. एकनाथचा हात इस्त्रीवरच थांबला.

"वयनी, दोनशे गिऱ्हाइकं हायत माझी," तो सावकाश म्हणाला. "दोनशे मानसांच्या मानेला ही खूण लागते. कोनाला काय झाला नाय. माझ्या सोताच्या शर्टाला बगा." त्याने कॉलर उलटून दाखवली. मान तुळतुळीत होती. "मंग तुमच्या एकट्याच मानसाला कसा होईल? उगाच माझा नाव घेऊ नका बाजारात. माझ्यापन घरात खानारी तोंडं हायत."

नर्मदेने शर्टाची घडी घातली. दोनशे माणसं खरी होती आणि बन्सीची मानही खरी होती.

संध्याकाळी तिने बन्सीला सगळं सांगितलं. तोही तेच म्हणाला, "दोनशे माणसं खोटी का?" आणि मग आवाज खाली आणून, "आन् हे बघ. डाक्टरपुढं बिब्ब्याचं नाव काढायचं न्हाई. मागल्या महिन्यात साइटवरच्या दोन खलाशांनी पगारी रजेसाठी बिब्बा लावून पायाला फोड आणले. डाक्टरनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. ते दोघं तसे गेले, आन् माझ्याबी अंगावर तेच फोड."

अशी ही कात्री होती. फोडांचं कारण सांगितलं नाही तर महारोगाचा संशय. सांगितलं तर लबाडीचा. दोन्हीकडून घरचा रस्ता.

शनिवारी बन्सी गळ्याला मफलर गुंडाळून दवाखान्यात गेला. नर्मदा बरोबर गेली. बायकांना आत मज्जाव होता, म्हणून ती दारातल्या बाकावर बसली, दार अर्धं उघडं होतं तिथे. डॉक्टर पन्नाशीचा, चष्म्याचा, कमी बोलणारा. त्याने आधी मफलर काढायला लावला. मग वाकून एकेक फोड बघितला.

"डोळे मिट," तो शेवटी म्हणाला. "मी टाचणी टोचतो. दुखलं की सांग."

महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही, हे बन्सीला ठाऊक होतं. त्याने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि तो म्हणाला, "दुखलं."

"मी अजून टोचलं नाही."

बन्सीच्या कपाळावर घाम आला. पुढे डॉक्टरने टोचलं आणि नुसतं बोट टेकवलं, दोन्हींना तो "दुखलं, दुखलं" म्हणत गेला. बाहेर नर्मदेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपाउंडर खोकल्याचं निमित्त करून हसत होता.

"तुझ्या या उत्तरांचा मला काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाला. "आणि हे ठिपके? एका अंतरावर, गोलात? हे आपोआप उठत नाहीत. हा बिब्बा आहे. कुणी लावला?"

बन्सी मफलरची घडी घालत राहिला.

"मी तुला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवतो. ते बघतील. महिना लागेल."

"साहेब, यादी सोमवारी बंद होते."

"ते माझ्या हातात नाही." डॉक्टरने पेन उचललं.

नर्मदा कधी उठली आणि कधी आत गेली हे तिचं तिलाच कळलं नाही. कंपाउंडर "बाई, बाई" करत मध्ये आला, त्याला तिने कोपराने बाजूला सारलं.

"म्या लावला बिब्बा," ती म्हणाली. "त्यांनी न्हाई. रजेसाठी न्हाई. दुखणं थांबावं म्हणून म्या लावला, आन् हे झालं. पण साहेब, आधीचं दुखणंसुद्धा बिब्ब्याचंच हाये. हे बघा." पिशवीतून तिने बनियन काढलं, पँट काढली, टेबलावर टाकली. "जिथं परटाची खूण, तिथं जखम. माहेरी पंधरा दिवस बिनखुणेचे कपडे घातले, तर मान साफ."

डॉक्टरने खूण बघितली. बन्सीची मान बघितली. "परटाची खूण तर माझ्याही कपड्यांना आहे," तो म्हणाला.

"एकनाथबी तेच म्हणाला. दोनशे माणसं म्हणाला. पण शेजारणीला वांगं चालतं आन् मला चालत न्हाई, तोंड सुजतं. तिला चालतं म्हणून माझी सूज खोटी का?" नर्मदेचा श्वास वर आला होता. "साहेब, तुम्हीच करून बघा. ह्यांच्या दंडाला काही न्हाई, साफ हाये. ह्या खुणेचा तुकडा कापून तुमच्या हातानं दंडाला बांधा. सोमवारी सोडा. उठलं तर म्या खरी. न्हाई उठलं तर..."

मग डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि कात्री घेतली. त्याने बनियनचे दोन तुकडे कापले, एक खुणेचा आणि एक कोरा. दोन्ही पाण्यात भिजवून बन्सीच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला शेजारीशेजारी ठेवले, वरून चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या कडांवरून, निम्मी कातडीवर येईल अशी, निळ्या शाईने आपली सही केली.

"सोमवारी सकाळी नऊला," तो म्हणाला. "सही तुटलेली दिसली तर खोलीत पाऊलसुद्धा टाकू नका."

रविवार काही सरेना. वर्षभर या बाईने देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की नवऱ्याच्या अंगावरचं जाऊ दे. आता ती दर तासाला विचारत होती, "खाजतं का?" आणि बन्सी म्हणत होता, "न्हाई." सकाळी नाही, जेवताना नाही, दुपारी नाही. मेली कातडी वर्षभर नको तिथे उठत होती, आणि हवी तेव्हा गोगलगाय होऊन बसली. बाहेर कमळीने पोरांना ओट्यापासून लांब हाकललं, तेही दोघांनी ऐकलं.

दिवेलागणीला बन्सी उठला, कोनाड्यात हात घातला आणि उरलेले तीन बिब्बे काढून नर्मदेपुढे ठेवले. वर सुई ठेवली.

"पट्टीच्या खालच्या कडेतून सुई जाती," तो म्हणाला. "सही तिथवर पोचलेली न्हाई. कळणार न्हाई."

"न्हाई."

"नर्मदे, नोकरी हाये ती!"

"म्हाईत हाये."

"मंग? उद्या काही उठलं न्हाई तर काय सांगशील त्याला? उगाच शहाणपणा केला तू. आता निस्तर."

"म्या न्हाई करणार आन् तुम्हालाबी करू देणार न्हाई," ती म्हणाली. "म्या नोकरीसाठी न्हाई बांधायला लावली ती पट्टी. मला कळाया पायजे. ते परटाचं हाये का ते दुसरं हाये, मला कळाया पायजे. पोटात पोर हाये माझ्या."

"आन् कळून काय करशील? सोडून जाशील?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही, आणि तेवढ्यानेच बन्सीचा धीर सुटला. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग जे लग्नाआधी सांगायला हवं होतं, ते त्याने तिथे बसून सांगितलं. त्याचा चुलता रामकिसन. लग्नाच्या वेळी नर्मदेला सांगितलं होतं की तो नाशिककडे मिलमध्ये आहे. तो कुठल्याही मिलमध्ये नव्हता. तो गावाबाहेर ओढ्यापलीकडे झोपडीत होता. आधी हात चिघळले, मग तोंड आणि कान, फोड काही केल्या बरे होईनात. पंचांनी बसून ठरवलं आणि सख्ख्या भावाने, म्हणजे बन्सीच्या बापाने, त्याचं अंथरूण उचलून ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं.

"मान पहिल्यांदा चिघळली त्याच दिवशी मला कळलं," बन्सी म्हणाला. "काकाचं माझ्यात आलं. साबण, तेल, मासळी, म्या नुसतं नाटक करत होतो. तुला काय कळायचं बाकी हाये? मला कळलेलंच हाये."

नर्मदेला राग आला. फसवलं म्हणून राग, आणि वर्षभर हा माणूस एकटा एवढं भय उरावर घेऊन शेजारी झोपत होता, म्हणूनही. पहिल्या रागाचं काय करायचं ते तिला माहीत होतं. दुसऱ्याचं नव्हतं. तिने सुई परत कोनाड्यात ठेवली, बिब्बे उचलून मागच्या नाल्यात फेकले, हात घासून घासून धुतले आणि भाकरी थापायला बसली. भाकरी वाढताना ती म्हणाली, "उद्या काय निघायचं ते निघू द्या. पण आता मला खोटं सांगाल तर मात्र खरंच जाईन." बन्सीने मान हलवली. दोघं एका ताटात जेवली. एरवी ती कधी एका ताटात जेवत नसत.

सोमवारी पहाटे बन्सी अंथरुणात उठून बसला होता. नर्मदेने विचारण्याआधीच तो म्हणाला, "खाजतंय असं वाटतंय. पण मला ते पायजे म्हणून वाटतंय का खरंच खाजतंय, काही समजंना." तिने त्याचा उजवा हात धरून ठेवला, दंडाकडे जाऊ नये म्हणून. पाममधून दवाखान्यापर्यंत ती तसाच हात धरून चालली. सायकल घरीच राहिली.

डॉक्टरने आधी भिंग घेऊन सहीच्या रेषा तपासल्या. एकेक, सावकाश. मग पट्टीचं टोक धरलं. नर्मदेने डोळे मिटले, पण मग तिला वाटलं की आपल्याला बघायला हवं, आणि तिने उघडले.

कोऱ्या तुकड्याखालची कातडी कोरी होती.

खुणेच्या तुकड्याखाली लाल, फुगीर आडवी रेघ होती, आणि तिच्या खाली तीन ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर पाण्याने भरलेला बारीक फोड. एकनाथने कपड्यावर घातली होती तशीच्या तशी, आता माणसावर.

कंपाउंडर पुढे वाकून बघायला लागला, आणि या खेपेला तो खोकला नाही. डॉक्टरने बन्सीला पुन्हा डोळे मिटायला लावले, पुन्हा टाचणी घेतली. आता बन्सी टोचलं की "टोचलं" म्हणत होता आणि बोट लागलं की "बोट" म्हणत होता, एकही चूक न करता.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाला. "तुझ्या अंगाला बिब्बा सोसत नाही. दोनशेत एखाद्याला नाही सोसत. कपडे घरी धुवायचे, खुणा कापून टाकायच्या. महिनाभरात मान स्वच्छ होईल." त्याने फॉर्मवर लिहिलं, शिक्का मारला. मग नर्मदेकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही किती शिकलात?"

"दुसरी," नर्मदा म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. नळाचं क्वार्टर, विहीर नाही, दोर नाही, कमळी नाही. आधी या कागदाची बातमी कमळीला द्यायची आणि मग पाणी भरायचं, आपल्या हाताने, असं ती बोलत सुटली. दहा पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती एकटीच बोलते आहे. बन्सी मागे दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. कागद हातात होता आणि त्याच्याकडे तो बघतही नव्हता.

ती परत आली. "काय झालं? मिळालं ना सगळं?"

त्याने मान हलवली, पण वर बघितलं नाही. तेव्हा तिलाही कालचं सगळं पुन्हा आठवलं, आधी हात चिघळले, मग तोंड, मग कान.

"आवो," तिने हळूच विचारलं, "काका काय काम करायचे?"

"बिब्बे फोडायचा," बन्सी म्हणाला. "आतली गोडंबी काढाया. व्यापाऱ्याच्या वखारीत चाळीस जणं फोडायची. चाळीसांना काही झालं न्हाई, एकट्या काकालाच झालं. मंग बिब्ब्यावर कोण संशय घेईल?"

नर्मदा त्याच्याशेजारी पायरीवर बसली. दवाखान्यात पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

"आता कसं हाये त्यांचं अंग? बिब्बे सुटल्याला तर इतकी वर्षं झाली."

"अकरा," बन्सी म्हणाला. "म्हाईत न्हाई. इकडं येईस्तवर आठ वर्षं रोज भाकरी म्याच न्यायचो. दगडावर ठेवायची आन् मागं वळायचं. त्याच्याकडं बघायचं न्हाई, असं आईनं सांगितलं होतं. तो हाका मारायचा, 'बन्सी, इकडं बघ तरी, बन्सी.' म्या एकदाबी बघितलं न्हाई."

नर्मदेने त्याच्या हातातला कागद काढून घेतला, कारण त्याच्या मुठीत तो चुरगळायला लागला होता.